किडींचं गणित आणि रोह्यांची मोजदाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी, जालना, लातूर, धाराशिव या पट्ट्यात गणित शिकवणारे, कीटकशास्त्र शिकणारे आणि ज्यांच्या शेतात कीड पडते ते शेतकरी एकत्र बसले की हे प्रश्न हमखास निघतात. काही उत्तरं लांबली आहेत. तिथे थोडक्यात सांगितलं असतं तर दिशाभूलच झाली असती.

जीवसंख्येचं गणित म्हणजे जनगणनाच ना?

नाही. जनगणना आज किती आहेत ते सांगते. हे गणित विचारतं की इतकेच का आहेत आणि पुढच्या हंगामात किती असतील. हिशेब चार खात्यांचा असतो: जन्मले किती, मेले किती, बाहेरून आले किती, निघून गेले किती. संख्या चक्रवाढीने वाढते आणि अन्न त्या वेगाने वाढत नाही, असं माल्थसने १७९८ मध्ये लिहिलं. १८३८ मध्ये व्हेरहुल्स्ट या बेल्जियन गणितज्ञाने त्या वाढीला समीकरणातच लगाम घातला. गर्दी वाढली की वाढीचा दर उतरतो आणि संख्या एका मर्यादेपाशी स्थिरावते. पुढे कित्येक दशकं त्याच्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. १९२० मध्ये अमेरिकेत पर्ल आणि रीड यांनी तेच समीकरण नव्याने शोधून काढलं.

कीड शेतात, कृषी सहायक गावात. मग मधे गणितवाले कशाला?

याचं उत्तर समुद्रातून आलेलं आहे. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी खूपच कमी झाली. उम्बेर्तो द’आन्कोना हा इटालियन जीवशास्त्रज्ञ मासळीबाजाराच्या नोंदी तपासत होता. फिऊमे बंदरात, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या रिएकामध्ये, १९१४ साली एकूण मासळीत शार्क आणि पाकटासारख्या शिकारी माशांचा वाटा सुमारे १२ टक्के होता. १९१८ मध्ये तो ३६ टक्क्यांवर गेला आणि १९२३ पर्यंत परत ११ च्या आसपास आला. जाळी कमी पडली तर सगळेच मासे वाढायला हवेत. शिकाऱ्यांचंच का फावलं?

त्याने हा प्रश्न वितो व्होल्टेरा या गणितज्ञापुढे ठेवला. व्होल्टेरांच्या मुलीशीच पुढे त्याचं लग्न झालं, म्हणजे प्रकरण घरचंच होतं. व्होल्टेरांनी १९२६ मध्ये भक्ष्य आणि भक्षक यांची दोन जोडसमीकरणं मांडली. अमेरिकेत लोट्काने १९२५ मध्ये स्वतंत्रपणे तीच मांडली होती. त्यातून एक निष्कर्ष निघतो, जो पहिल्यांदा ऐकताना उलटा वाटतो: भक्ष्याची सरासरी संख्या भक्ष्य किती वेगाने वाढतं यावर ठरत नाही, भक्षक किती वेगाने मरतात यावर ठरते. आणि भक्षकांची सरासरी ठरते भक्ष्याच्या वाढीच्या वेगावर. आता दोघांनाही सारखंच मारणारी एखादी गोष्ट आणा. भक्षकांचा मृत्युदर वाढला, म्हणून भक्ष्याची सरासरी वर जाते. भक्ष्याची वाढ मंदावली, म्हणून भक्षकांची सरासरी खाली येते. जाळं दोघांना मारत होतं. युद्धात जाळं थांबलं आणि पारडं शिकाऱ्यांकडे झुकलं.

जाळ्याच्या जागी फवारणीचा पंप ठेवा. मावा, तुडतुडे हे भक्ष्य; ढालकिडे, क्रायसोपा, कोळी हे भक्षक. सरसकट सगळ्यांना मारणारं औषध मारलं की आठवडाभर शेत स्वच्छ दिसतं आणि मग कीड आधीपेक्षा जोराने येते. हे फक्त कागदावर राहिलेलं नाही. कॅलिफोर्नियातल्या संत्रा-मोसंबीच्या बागा एका कापशी खवलेकिडीने उजाड केल्या होत्या. १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या एका ढालकिड्याने तिला आटोक्यात ठेवलं. विसाव्या शतकाच्या मध्याला बागांमध्ये डीडीटी आलं, ढालकिडा मेला आणि खवलेकीड परत उसळली. जालन्याच्या मोसंबीवाल्यांना हे नवलाचं वाटणार नाही.

एक खबरदारी मात्र हवी. व्होल्टेरांची समीकरणं फार साधी आहेत. शेतात मित्रकीटक मुळातच नसतील, किंवा औषध निवडक असेल, तर हा निष्कर्ष तसाच्या तसा लागू होत नाही. कोणतं औषध ढालकिड्याला मारतं आणि कोणतं नाही, हे समीकरण सांगत नाही, कीटकशास्त्रज्ञ सांगतो.

म्हणजे फवारूच नये?

असं कुणी म्हणत नाही. कधी फवारायचं ते ठरवण्यासाठी आर्थिक नुकसानीची पातळी असते. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून धरणाऱ्या) सलग तीन रात्री, दर सापळ्यामागे आठ पतंग सापडले की फवारणीचा निर्णय घ्यावा, ही शिफारस बहुतेकांना तोंडपाठ आहे. असा आकडा किडीच्या वाढीचा वेग, एका अळीने होणारं नुकसान, फवारणीचा खर्च आणि मालाचा भाव यांच्या हिशेबातून येतो. खरं तर कापसाचा भाव बदलला की आकडाही हलायला हवा. पण छापील पत्रकावरचा आकडा वर्षानुवर्षं तोच राहतो. माझ्या मते हे या सगळ्या व्यवस्थेतलं सर्वांत दुबळं ठिकाण आहे.

क्रॉपसॅपमध्ये दर आठवड्याला किडी मोजतात. त्या आकड्यांचं काय होतं?

२००८ मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळीने विदर्भ-मराठवाड्यात मोठं नुकसान केलं. त्यानंतर, २००९-१० पासून, राज्याने हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू केला. ठरलेल्या शेतांमध्ये नोंदी होतात, त्यावरून सल्ला निघतो. त्याचा तातडीचा उपयोग उघड आहे. त्याच जागी, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षं मोजलेले आकडे ही गणितवाल्यांसाठी त्याहून मोठी गोष्ट. व्होल्टेरांना मासळीबाजाराच्या वह्या मिळाल्या नसत्या तर त्यांना प्रश्नच पडला नसता.

बीटी कापूस आला तेव्हा ‘आश्रय पट्टा लावा’ म्हणाले. तरी गुलाबी बोंडअळी आलीच. गणित चुकलं ना?

गणित बरोबर होतं. ते ज्या गृहीतकांवर उभं होतं ती इथे टिकली नाहीत.

मूळ विचार असा. समजा, बीटीला दाद न देणारं जनुक हजारात एक आहे. अळीला आई आणि बाप दोघांकडून ते मिळण्याची शक्यता दहा लाखांत एक. एकाकडूनच मिळालं तर अळी अर्धी प्रतिकारक्षम. बीटी झाडात तयार होणाऱ्या विषाचा डोस पुरेसा जबर असेल तर तीही मरते. उरते ती दहा लाखांतली एक. तिच्या पतंगाला जोडीदार म्हणून शेजारच्या बिगर-बीटी ओळींमधून साधे पतंग भरपूर मिळाले, तर पिल्लं अर्धी प्रतिकारक्षमच निघतात आणि बीटी बोंडात मरतात. जनुक पसरत नाही. म्हणून शेतातल्या २० टक्के भागात किंवा कडेच्या पाच ओळींत बिगर-बीटी लावायचं होतं. ४५० ग्रॅमच्या बीटी पिशवीबरोबर १२० ग्रॅमचं वेगळं पाकीट त्यासाठीच यायचं. ते पाकीट किती जणांनी पेरलं, हे आपल्या गावात विचारा.

दुसरं कारण कीटकशास्त्रातलं आहे. हिरवी बोंडअळी, म्हणजे हरभऱ्यावरची घाटेअळी, तुरीवर आणि हरभऱ्यावरही जगते. तिच्यासाठी शेजारची तूर हाच आयता आश्रय पट्टा. गुलाबी बोंडअळी मात्र जवळपास फक्त कापसावर जगते. तिला पाकिटातल्या बियाण्याशिवाय आश्रय नव्हता. तिसरं कारण, आपल्याकडचं बीटी वाण संकरित. संकरित झाडाच्या बोंडातल्या सगळ्या सरक्या जनुकांनी सारख्या नसतात. काहींत विष असतं, काहींत नसतं. ही अळी सरकीच खाते, त्यामुळे तिला जबर डोसाऐवजी अर्धामुर्धा डोस मिळत गेला. आणि चौथं, फरदड. डिसेंबरनंतर पाणी देऊन पऱ्हाटी उभी ठेवली की अळीला विश्रांतीची गरजच उरत नाही, एक-दोन पिढ्या जास्तीच्या निघतात.

भारतात बीटी २००२ मध्ये आलं, दोन जनुकांचं वाण २००६ मध्ये. पहिल्या वाणाला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही हे गुजरातमध्ये २००९-१० च्या सुमारास नोंदलं गेलं. २०१७ मध्ये महाराष्ट्रात काय झालं ते डोमकळ्या (अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुलं) पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको. याच अळीचा अमेरिकेत आश्रय पट्टे, बीटी आणि वांझ केलेले पतंग सोडणं या तिन्हींच्या जोरावर बंदोबस्त झाला. तिथल्या कापूस पट्ट्यातून ती नामशेष झाल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं. कीड तीच. तिथे शेतं मोठी, शेतकरी थोडे, हंगाम आवरता घेणं सक्तीचं. शेतकऱ्याच्या वागण्याची जागा समीकरणात कोरी ठेवली की असं होतं. तो भाग गणितज्ञाला एकट्याने भरता येत नाही, आणि कीटकशास्त्रज्ञालाही नाही.

२०२२ मध्ये सोयाबीनवर गोगलगायी आल्या. आधी मोजायचं कसं, आणि मग वेचायच्या कधी?

लातूर, बीड, धाराशिवकडच्या शेतकऱ्यांनी तेव्हा उगवतं सोयाबीन एका रात्रीत गायब झालेलं पाहिलं. दोन्ही प्रश्नांना गणिताकडे नीट उत्तर आहे.

मोजण्यासाठी सगळ्या वेचायची गरज नाही. समजा, एका संध्याकाळी ६० गोगलगायी धरल्या, शंखावर नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि तिथेच सोडल्या. दोन दिवसांनी त्याच तुकड्यात ८० धरल्या, त्यांतल्या १२ ठिपकेवाल्या निघाल्या. म्हणजे ८० मध्ये १२, तर किती मध्ये ६०? उत्तर ४००. ही त्रैराशिकाची युक्ती लाप्लास या गणितज्ञाने फ्रान्सची लोकसंख्या काढायला वापरली होती. माशांसाठी आणि पक्ष्यांसाठी ती पीटरसन आणि लिंकन यांच्या नावाने ओळखली जाते. अट एवढीच की ठिपकेवाल्या बाकीच्यांत नीट मिसळलेल्या हव्यात आणि मधल्या काळात फारशा मेलेल्या किंवा बाहेर गेलेल्या नसाव्यात. पाऊस पडून गेला असेल तर दोन दिवसांत बांधापलीकडच्या आत येतात आणि अंदाज फुगतो.

वेचायच्या कधी, यासाठी वयाप्रमाणे हिशेब मांडावा लागतो. पी. एच. लेस्ली याने ऑक्सफर्डमध्ये १९४५ साली तो सारणीच्या रूपात मांडला: कोणत्या वयाचा जीव किती पिल्लं देतो आणि पुढच्या वयात किती टक्के पोहोचतो. उदाहरणापुरतं धरा की एका मोठ्या गोगलगायीच्या १०० अंड्यांपैकी पाचच पुढच्या पावसाळ्यापर्यंत मोठ्या होतात. मग वीस पिल्लं मारली तेव्हा पुढच्या वर्षीची एक कमी होते. पण पहिल्या पावसानंतर जमिनीतून वर आलेली एक मोठी, अंडी घालण्याआधी उचलली, तर ती स्वतः आणि तिची पुढची पाच अशा सहा कमी होतात. म्हणून गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधावर अंथरायची ती जूनमध्येच. ऑगस्टमध्ये पीक अर्धं खाल्ल्यावर केलेली धावपळ बरीचशी मनाच्या समाधानाची. आणि बांध एकट्याने राखून भागत नाही. बाहेरून येणारे हे सुरुवातीच्या चार खात्यांपैकी एक आहेच.

हीच सारणी दुसऱ्या प्राण्यासाठी अगदी उलटं उत्तर देते. अमेरिकेच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची अंडी जिवापाड जपली जात होती, तरी कासवं कमी होत होती. क्राउस, क्राउडर आणि कॅसवेल यांनी १९८७ मध्ये हिशेब मांडून दाखवलं की एकूण एक अंडं वाचवलं तरी घट थांबणार नाही. वाचवायची आहेत ती कोळंबीच्या जाळ्यात अडकून मरणारी अर्धवट वाढलेली कासवं. जाळ्यांना कासवांसाठी सुटकेचं दार बसवण्याच्या बाजूने ते एक मोठं कारण ठरलं.

एका वर्षी कीड उच्छाद मांडते, दुसऱ्या वर्षी औषधालाही दिसत नाही. निसर्गाला काही नियम नाही का?

नियम असूनही असं होऊ शकतं. रॉबर्ट मे हा भौतिकशास्त्र सोडून परिसंस्थांकडे वळलेला ऑस्ट्रेलियन. १९७६ मध्ये त्याने एका ओळीचं सूत्र घेऊन हे दाखवलं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून पाहा. या वर्षीची संख्या ० ते १ मधला एक अंक धरा, उदाहरणार्थ ०.१. तो अंक, गुणिले (१ वजा तो अंक), गुणिले एक ठरावीक दर. दर २ ठेवा: ०.१८, ०.२९५, ०.४१६, ०.४८६ असं करत संख्या ०.५ वर जाऊन बसते. दर ३.२ ठेवा: काही पावलांनंतर एक वर्ष ०.८, एक वर्ष ०.५१ अशी आलटापालट सुरू होते. दर ३.९ ठेवा: ०.३५१, ०.८८८, ०.३८७, ०.९२५, ०.२७१, ०.७७१... यात पावसाचा, औषधाचा, नशिबाचा काहीही हात नाही. तरी पुढचा अंक अंदाजाने सांगता येत नाही.

पण मराठवाड्यात पावसाचा हात नाही असं म्हणायला धाडस लागेल, आणि कीटकशास्त्रज्ञांमध्ये यावरून जुनं भांडण आहे. ऑस्ट्रेलियातला निकोल्सन म्हणायचा की संख्या गर्दीमुळे आवरते. त्याच देशातले अँड्रेवार्था आणि बर्च म्हणाले, हवामानच ठरवतं. त्यांच्या बाजूचा मोठा पुरावा म्हणजे अ‍ॅडलेडमधल्या गुलाबांवरचे फुलकिडे. वर्षानुवर्षं मोजलेल्या त्या संख्येतली बरीचशी चढउतार निव्वळ हवामानाच्या आकड्यांवरून सांगता आली. आज बहुतेक जण दोन्ही मानतात. कोरडवाहू भागात माझा कौल अँड्रेवार्थांकडे जरा जास्त झुकतो.

लहरी पावसाचा आणखी एक हिशेब दुर्मीळ प्राण्यांसाठी फार महत्त्वाचा आहे. समजा चांगल्या वर्षी संख्या दुप्पट होते आणि वाईट वर्षी ४० टक्क्यांवर येते. सरासरी गुणक १.२, म्हणजे वाढ व्हायला हवी. करून पाहा: १०० चे २००, २०० चे ८०. सरासरी पाऊस बरा झाला म्हणून माळरानावरचा पक्षी टिकेल असं धरून चालता येत नाही. माळढोकासारखा पक्षी एका वेळी बहुधा एकच अंडं घालतो. त्याच्याकडे दुप्पट होणारं चांगलं वर्षही नसतं.

रोही, म्हणजे नीलगायी, खरंच वाढलेत का? आणि बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर बसून मोजतात ते कितपत खरं?

पाणवठ्याच्या गणनेला जरूर जा, गौताळ्यात किंवा येडशीला मचाणावर काढलेली रात्र वाया जात नाही. पण तो आकडा म्हणजे त्या जंगलातली संख्या नव्हे. एकच सांबर दोनदा येतं, दुसरं येतच नाही, त्या वर्षी पाणवठे कमी असतील तर गर्दी जास्त दिसते. न दिसलेल्यांचा अंदाज बांधायची सोय त्यात नाही. वाघांच्या बाबतीत हे महागात पडलं. पावलांच्या ठशांवरून वाघ मोजले जात होते आणि २००५ मध्ये कळलं की राजस्थानातल्या सरिस्कात एकही उरलेला नाही. त्याआधीच उल्हास कारंथ हे वन्यजीवशास्त्रज्ञ आणि जेम्स निकोल्स हे अमेरिकन संख्याविद यांनी नागरहोळेत कॅमेरे लावून, पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ ओळखून, वर गोगलगायींसाठी सांगितलेलीच युक्ती वाघांना लावली होती. देशभर कॅमेऱ्यांची पद्धत त्यानंतर आली.

रोह्यांना पट्टे नाहीत. त्यांच्यासाठी ठरलेल्या रेषेवरून चालत जायचं आणि दिसलेला प्रत्येक कळप रेषेपासून किती अंतरावर होता ते लिहायचं. अंतर वाढतं तसं दिसण्याचं प्रमाण घटतं. त्या घटीवरून न दिसलेले किती ते काढता येतं. नोव्हेंबरात तूर डोक्याएवढी असताना दहा फुटांवरचा रोही दिसत नाही, एप्रिलमध्ये रान मोकळं झाल्यावर अर्ध्या कोसावरचा कळप दिसतो. या दोन आकड्यांची तुलना करून ‘वाढले’ म्हणण्यात अर्थ नाही. ते वाढले असतीलही. गायरानं मोडली म्हणून शेताकडे वळले, हेही तितकंच शक्य आहे. नुकसान दोन्हीकडे सारखंच, उपाय मात्र वेगळे.

यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्याचा वाघ मराठवाड्यात का येतो?

वयात आलेल्या नराला स्वतःची हद्द लागते आणि टिपेश्वर लहान आहे. २०१९-२० मध्ये तिथला एक वाघ रेडिओ कॉलर गळ्यात घेऊन सुमारे ३००० किलोमीटर फिरला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात थांबला. लहान लहान जंगलांतल्या वाघांची संख्या अशा ये-जा करणाऱ्यांवर टिकते, म्हणून मधले ओढे आणि झुडपी रानं हिशेबात धरावी लागतात.

गणितज्ञ आणि परिसंस्थाशास्त्रज्ञ यांचं एकमेकांशी जमतं का?

भांडून जमतं. वर आलेला निकोल्सन कीटकशास्त्रज्ञ, आणि बेली भौतिकशास्त्रज्ञ. दोघांनी १९३५ मध्ये परोपजीवी गांधीलमाशी आणि तिची यजमान अळी यांचं सूत्र मांडलं. आपण ट्रायकोकार्ड (ट्रायकोग्रामा या परोपजीवी माशीची पिल्लं असलेल्या अंड्यांचं कार्ड) लावतो तेव्हा हाच खेळ शेतात सुरू करतो. ट्रायकोग्रामाची मादी किडीच्या अंड्यात अंडी घालते. सूत्राने सांगितलं की दोघांच्या संख्येचे हेलकावे वाढत जातील आणि शेवटी दोघंही संपतील. प्रत्यक्षात ती हजारो वर्षं एकत्र नांदत आहेत. सूत्र फसलं, आणि त्यातूनच कामाचा प्रश्न निघाला: मग त्यांना सावरतं कोण? पुढच्या संशोधनात एक उत्तर मिळालं की रान एकसारखं नसतं. काही अळ्या माशीला सापडत नाहीत, काही ठिकाणी माशा गर्दी करतात, आणि ती असमानताच दोघांना तारते. एकसलग शंभर एकर एकच पीक घेताना हे आठवायला हरकत नाही.

यात आपल्याकडचं कुणी आहे का?

आहे, आणि जवळचं. रोनाल्ड रॉसने मलेरियाचा डास १८९७ मध्ये सिकंदराबादेत पकडला, तेव्हा मराठवाडाही त्याच निजामाच्या राज्यात होता. सगळे डास मारायची गरज नाही, एका पातळीखाली आणले की साथ आपोआप ओसरते, हे त्याने नंतर गणिताने दाखवलं. साथींचं सर्वांत गाजलेलं समीकरण केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचं, १९२७ चं. ते पडताळायला त्यांनी वापरले ते १९०५-०६ च्या मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंचे आकडे. जे. बी. एस. हॉल्डेन हे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ १९५७ मध्ये कोलकात्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेत आले. पुण्याचे माधव गाडगीळ हार्वर्डमध्ये गणिती परिसंस्थाशास्त्रात डॉक्टरेट करून परतले आणि त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत परिसंस्थाशास्त्राचं केंद्र उभं केलं.

मी नांदेडला बी.एस्सी. गणित करतेय. या वाटेने जायचं तर काय शिकू?

विकलक समीकरणं, सारण्या आणि त्यांची आयगेन मूल्यं, संभाव्यता. लेस्लीच्या सारणीचं सर्वांत मोठं आयगेन मूल्य एकापेक्षा जास्त असेल तर संख्या वाढते, कमी असेल तर घटते. परीक्षेपुरतं पाठ केलेलं प्रकरण इथे एकदम जिवंत होतं. ‘आर’ ही संगणकीय भाषा फुकट मिळते, ती घ्या. पुढे पुण्याची आयसर, बंगळुरू, कोलकाता, डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था असे दरवाजे आहेत.

पण त्याआधी एक हंगाम कुणाच्या तरी कापसात काढा. परभणीच्या कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र शिकणारी एखादी मैत्रीण गाठा, दोन कामगंध सापळे लावा आणि ऑगस्टपासून पऱ्हाटी उपटेपर्यंत दर दोन दिवसांनी पतंग मोजा. शून्य निघाले तर शून्य लिहा. लोक शून्याची नोंद टाळतात आणि मग तो रकाना मोजलाच नाही की काही सापडलं नाही, हे नंतर कुणालाच कळत नाही. ल्यूर, म्हणजे सापळ्यातली गंधाची कुपी, किती दिवसांनी बदलायचं ते पाकिटावर लिहिलेलं असतं. ते उशिरा बदललं तर आलेखात जी घट दिसते ती पतंगांची नसते.